उगवतीची एकच खिडकी

एकदा एक चर्च जळाले.

आठ-नऊशे वर्षांपूर्वीची, युरोपातल्या उंच डोंगरांमधली ही गोष्ट आहे असे समजा. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये अरुंद दरी आणि दरीत मेंढपाळांचे नि विणकरांचे एक गाव. गावचे चर्च साधेच होते. दगडाच्या पातळ भिंती, वर लाकडी छप्पर, आणि उजेड हवा म्हणून जागा मिळेल तिथे, चारही बाजूंना पाडलेल्या खिडक्या. एका सणाच्या दिवशी मेणबत्तीची ज्योत पडद्याला लागली, पडद्याची छपराला लागली आणि बघता बघता आतला माणूस माणसाला दिसेनासा झाला. लोक एकमेकांना धरून, ठेचकाळत, कसेबसे दाराबाहेर पडले. एक स्त्री तेवढी बाहेर आली नाही. ती गावातल्या लोकरीच्या व्यापाऱ्याची पत्नी होती. धूर निवळल्यावर ती उत्तरेच्या भिंतीशी, एका खिडकीखाली सापडली.

त्यानंतर गावाने ठरवले की नवे चर्च बांधायचे ते नखशिखांत दगडाचे. छतसुद्धा दगडाचे. जळायला काही उरताच कामा नये. व्यापाऱ्याने आपले बैल, आपल्या गाड्या, डोंगरातली आपली खाण, सारे या कामाला लावले. लोकांना वाटले, बिचारा कामात मन रमवतो आहे. पण त्याच्या मनात एक निराळीच गोष्ट होती आणि ती त्याने अजून कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

या कामासाठी दूरच्या मुलखातून एक वृद्ध स्थपती आणि त्यांचा शिष्य आले. ते ज्या धाटणीची चर्च बांधत, तिला पुढे पंडितांनी रोमनेस्क असे नाव दिले. बांधणाऱ्यांना ते नाव ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. जाड भिंती, अर्धगोल कमानी, बुटके पण भक्कम खांब, खांबांच्या माथ्यावर कोरलेली चित्रविचित्र श्वापदे, आणि आत पाऊल टाकले की एकदम गारवा आणि अंधार. आपल्याकडच्या जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर क्षणभर जसे काहीच दिसत नाही आणि मग सावकाश एकेक गोष्ट दिसू लागते, तशातलाच तो प्रकार. जे लोक दारातूनच डोकावून परत फिरतात, त्यांना अशा वास्तूबद्दल फक्त एवढेच सांगता येते की आत फार अंधार आहे.

शिष्य हुशार होता. हाताचा चांगला, जिभेचा गोड, आणि थोडा घायकुता. त्याने कोरलेला सिंह इतका प्रेमळ निघे की गावातल्या बायका त्याला खुशाल मांजर म्हणत, आणि तोही हसून ते मान्य करी. गुरूंनी त्याला या बांधणीचा अर्थ पुष्कळदा सांगितला होता. सभामंडप चौकोनी असावा, कारण पृथ्वीला चार दिशा आहेत. गाभारा अर्धगोल असावा, कारण आकाशाला कोपरा नाही. गाभारा उगवतीला, दार मावळतीला. माणूस मावळतीकडून आत येतो, चौकोन ओलांडतो आणि गोलापाशी येऊन थांबतो. शिष्याला हे सारे तोंडपाठ होते. तोंडपाठ असलेल्या गोष्टीचा विचार करावा असे आपल्यापैकी फारसे कोणाला वाटत नाही, तसे ते त्यालाही वाटले नव्हते.

भिंती छातीएवढ्या उंचीला आल्या तेव्हा चुना कमी पडू लागला. चुन्याच्या भट्टीबाबत वृद्धांचा कोणावर विश्वास नसे. कच्चा भाजलेला चुना दगडाला धरत नाही, आणि ते उघडकीला येते तेव्हा फार उशीर झालेला असतो, असे ते म्हणत. म्हणून ते स्वतः दरीच्या वरच्या टोकाला, भट्टीपाशी जाऊन राहिले. चालू काम शिष्यावर सोपवले.

व्यापारी रोज संध्याकाळी बांधकामावर येई. तो गरज नसताना बोलणारा माणूस नव्हता. गाड्या रिकाम्या करून घ्यायच्या, बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि जायचे, एवढाच त्याचा शिरस्ता. एका संध्याकाळी मात्र तो गेला नाही. अर्धवट भिंतीपाशी उभा राहिला, मग त्याने एक पाय उचलून भिंतीवर ठेवला, अंग वर ओढले आणि पलीकडे उतरला. पुन्हा तसाच अलीकडे आला. शिष्य चकित होऊन बघत होता.

"एवढ्या उंचीवर खिडक्या हव्यात," व्यापारी म्हणाला. "आणि एवढ्या मोठ्या, की माणसाला त्यातून बाहेर पडता यावं."

मग त्याने ती गोष्ट सांगितली. त्याची पत्नी खिडकीखाली सापडली हे गावाला माहीत होते. पण तिच्या बोटांची नखे भिंतीवर घासून तुटली होती, हे त्याने एकट्याने पाहिले होते. ती खिडकीपर्यंत पोचली होती. खिडकी उंच होती आणि लहान होती. तेवढी एक खिडकी मोठी असती तर ती आज घरी असती. त्याला नवे चर्च हवे होते ते याचसाठी. त्यात कोणाचीही बायको, कोणाचीही आई, अशी भिंतीशी अडकून पडता कामा नये. तो दिवस उलटल्यापासून कुठल्याही चर्चच्या छपराखाली त्याने पाऊल ठेवले नव्हते. प्रार्थना करायची तर तो बाहेर, उघड्यावर उभा राहून करी.

ऐकणाऱ्याला यात काही खोड काढता येईल का? शिष्याला काढता आली नाही. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने तिथल्या तिथे शब्द दिला. खरे सांगायचे तर डोळे भरून येण्यात थोडा आनंदही होता. एवढ्या मोठ्या माणसाने आपले दुःख गुरूंच्या नव्हे, आपल्या पदरात घातले, याचा तो आनंद होता. दुसऱ्या दिवसापासून दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या भिंतींत खिडक्यांसाठी माणूसभर उंचीची रुंद तोंडे सोडून काम चढू लागले. वृद्ध भट्टीवरून परतले तेव्हा ती तोंडे कमानींसकट पुरी होत आली होती.

वृद्धांनी सगळीकडे एक फेरी मारली. रागावले नाहीत. हे कोणासाठी, एवढेच त्यांनी विचारले. शिष्याने व्यापाऱ्याची सगळी हकीकत सांगितली. वृद्धांनी ती पुरती ऐकून घेतली. मग त्यांनी शिष्याला दोन्ही हातांच्या बोटांची टोके एकमेकांना टेकवायला सांगितली, कोपरे बाजूला, अशी की हातांची एक कमान व्हावी. तशी कमान झाल्यावर त्यांनी वरून आपल्या तळव्याने हळूहळू भार टाकला. शिष्याची बोटे खाली गेली आणि कोपरे बाहेर सरकली.

"हे दगडी छत असंच भिंतींना बाहेर रेटणार आहे," वृद्ध म्हणाले. "आज नाही, उद्या नाही, पण रात्रंदिवस. तुझी कोपरं कोणी घट्ट धरून ठेवली असती तर कमान टिकली असती. कोपरं धरणारी तीच भिंत तू पोखरलीस."

शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. जळण्यापासून वाचावे म्हणून दगडाचे छत, आणि सुटका व्हावी म्हणून मोठ्या खिडक्या, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदणार नव्हत्या. व्यापाऱ्याच्या मायेपोटी तो गावाच्या डोक्यावर एक डोंगर टांगायला निघाला होता.

यानंतर वृद्धांनी ज्या आज्ञा दिल्या त्या कोणालाच उमगल्या नाहीत. दक्षिणेची आणि उत्तरेची सगळी तोंडे बुजवायची. त्या भिंतींत एकही खिडकी ठेवायची नाही. खिडकी एकच, पूर्वेच्या गोल गाभाऱ्यात, आणि तीही बाहेरून वीतभर रुंद. गवंडी कुरकुरले की मग आत उजेड कसा पडणार. त्यावर वृद्ध म्हणाले, "उजेड कमी पडेल असं वाटतंय ना, मग गाभाऱ्याची भिंत आणखी हातभर जाड करा." गवंड्यांनी एकमेकांकडे पाहिले. म्हाताऱ्याला चुन्याची धग लागली, असे कोणीसे पुटपुटलेसुद्धा. शिष्याने खाली मान घालून दगड उचलायला सुरुवात केली.

संध्याकाळी व्यापारी आला. बुजवलेली तोंडे त्याने एकेक करून पाहिली. तो ओरडला असता तर शिष्याला बरे वाटले असते. तो फक्त म्हणाला, "तुम्ही मला शब्द दिला होता." दुसऱ्या दिवशी खाणीतून एकही गाडी आली नाही, आणि तिसऱ्या दिवशीही नाही.

वृद्ध स्वतः व्यापाऱ्याच्या दारी गेले. शिष्य त्यांच्या मागे उभा होता. वृद्धांनी रेटा, भार, कोपरे यांतले काहीच सांगितले नाही. ते म्हणाले, "शेटजी, छत पुरं होऊ द्या. झालं की तुम्ही या आणि बघा. तुमचं मन मानलं नाही, तर तुम्ही दाखवाल तिथे हा माझा शिष्य स्वतःच्या हाताने भिंत फोडून खिडकी पाडेल. तुम्हाला दिलेला शब्द त्याचा आहे, तो त्यानंच पाळायचा."

व्यापाऱ्याने शिष्याकडे पाहिले आणि मान हलवली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या.

परतताना शिष्य गुरूंच्या मागे मागे चालत होता. छत चढल्यावर ती भिंत फोडणे म्हणजे काय, हे आता त्याला गावातल्या कोणाहीपेक्षा चांगले कळत होते. भिंत सुटली की छत येणार, आणि येणार ते फोडणाऱ्याच्या डोक्यावर. त्याने घाबरत घाबरत विचारले की शेटजींचे मन मानलेच नाही तर काय करायचे.

"तर तू फोडायची," वृद्ध म्हणाले. "मी तुझ्याशेजारी उभा असेन."

पुढच्या साऱ्या महिन्यांत शिष्याने जसे काम केले तसे त्याने पूर्वी कधी केले नव्हते. ओळंबा लावल्यावाचून त्याने एक दगड बसवला नाही. गाभाऱ्याची खिडकी वृद्धांनी त्याच्याच हातून करवून घेतली. बाहेरच्या अंगाला ती वीतभरच होती, पण जाड भिंतीतून आत येता येता ती दोन्ही बाजूंना, वर आणि खाली रुंदावत गेली आणि आतल्या अंगाला दोन माणसे खांद्याला खांदा लावून मावतील एवढी झाली. त्या उतरत्या बाजूंना शिष्याने पांढराशुभ्र चुना दिला. मावळतीच्या दाराबाबत मात्र वृद्धांनी हात राखला नाही. दार त्यांनी ठरल्यापेक्षाही रुंद धरले, त्याच्यावर एकात एक अशा कमानी चढवल्या, आणि त्याची दारे बाहेरच्या बाजूला उघडतील अशी बसवली. लोक खिडक्यांवरून इतके रुसलेले होते की दाराकडे कोणी लक्षच दिले नाही.

अखेर छत जुळले. खालचा लाकडी आधार सोडवण्यात आला तेव्हा वरून थोडी चुन्याची धूळ पडली, दगडांनी एकदा कुरकुर केली, आणि मग सगळे शांत झाले. छत उभे राहिले. शिष्याने डोळे उघडले तेव्हा वर एक पालथी घातलेली प्रचंड होडी असावी तसे ते दिसत होते. ते आपल्याच हातून झाले यावर त्याचा विश्वास बसेना.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे गाव मावळतीच्या दारासमोर जमले. अजून चर्चचा अभिषेक व्हायचा होता, मूर्ती आणि दिवे यायचे होते. आत नुसता दगड होता. व्यापारी आला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याने आत डोकावले. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"अंधार आहे," तो म्हणाला. "नुसता अंधार आहे. भिंत फोडा."

शिष्याने हातोडा उचलला. त्याला आश्चर्य वाटले की आपण घाबरलो आहोत ते मरणाला तितके नाही. हे छत, ही भिंत, आत उभा असलेला तो गारवा आपल्या हाताने मोडायचा, याने त्याचे काळीज फाटत होते. तो पाऊल टाकणार इतक्यात वृद्धांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओल्या गवताचे भारे आणायला सांगितले. शिष्य गोंधळला, पण त्याने आणले. वृद्धांनी ते सभामंडपात जागोजागी ठेवले, त्यात हिरव्या फांद्या खोचल्या, आणि एकेकाला विस्तव लावला. मग बाहेर येऊन त्यांनी लोकांकडे एकदा शांतपणे पाहिले, परत आत गेले आणि दार आतून ओढून घेतले.

लोकांना काय चालले आहे ते समजायला थोडा वेळ लागला. फटींतून धूर येऊ लागला. आधी पांढरा, मग पिवळट, मग दाट. बायकांनी मुलांना मागे ओढले. जिच्या तिच्या तोंडावर तो जुना दिवस उमटला होता. म्हातारा बाहेर येईल म्हणून सगळे वाट बघत राहिले आणि म्हातारा बाहेर येईना. आतून खोकल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

व्यापारी पांढराफटक पडला होता. तो लोकांकडे बघत होता, दाराकडे बघत होता. जुने चर्च जळाले त्या दिवशी तो गावात नव्हता, लोकर घेऊन बाजाराला गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. आज तो इथे होता. त्याने अंगावरचे वस्त्र तोंडाला गुंडाळले, दार ओढले आणि ज्या छपराखाली कधीही जाणार नव्हता त्या छपराखाली धावत गेला. शिष्य हातोडा टाकून त्याच्यामागे गेला. दार त्यांच्यामागे आपल्याच वजनाने लोटले गेले.

आत काहीही दिसत नव्हते. ज्याने या वास्तूतला जवळजवळ प्रत्येक दगड हाताळला होता त्या शिष्याला भिंत कुठे आणि खांब कुठे ते कळेना. तो गुरूंना हाक मारू लागला, खोकू लागला, एका खांबावर आपटला, वळला, आणि वळल्यावर आपण कुठून आलो तेही त्याला सांगता येईना. शेजारी व्यापाऱ्याचा घरघरणारा श्वास तेवढा ऐकू येत होता. शिष्याला वाटले, ती अशीच होती. अगदी अशीच, इथेच कुठेतरी.

आणि मग डोंगरामागून सूर्य वर आला.

दरीत सूर्य उशिरा येतो, पण येतो तेव्हा एकदम येतो. पूर्वेच्या त्या वीतभर फटीतून उजेड आत शिरला. एरवी उजेड आपल्याला दिसत नाही, उजेडात वस्तू दिसतात. त्या दिवशी धुरात उजेडच दिसला. पांढऱ्या उतारांवरून तो पसरला, रुंद झाला, गोल भिंतीवरून दोन्ही बाजूंना वाहत गेला, आणि गाभाऱ्यापासून सभामंडपाच्या पार शेवटापर्यंत त्याचा एक सोनेरी, सरळ पट्टा हवेत उभा राहिला. धूर त्यातून मंद वर चढत होता. वरच्या छताचा वळसा, दोन्हीकडच्या कमानी, खांबांवरची ती मांजरासारखी हसरी सिंहतोंडे, एकेक करून काळोखातून बाहेर येऊ लागली, जणू त्या उजेडाने नाव घेऊन त्यांना बोलावले होते. शिष्य खोकायचे विसरला. चौकोन आणि गोल, पृथ्वी आणि आकाश, हे तो लहानपणापासून घोकत आला होता. ते असे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले होते आणि त्याने ऐकले नव्हते. त्याला गुडघे टेकावेसे वाटले आणि त्याने ते टेकले.

वृद्ध त्या पट्ट्यात, गाभाऱ्याच्या तोंडाशी, दगडी वेदीला धरून उभे होते. व्यापाऱ्याने जाऊन त्यांचा दंड पकडला आणि चला म्हणून ओढले.

"दार कुठे आहे, शेटजी?" वृद्धांनी विचारले.

व्यापाऱ्याने भोवती पाहिले. मागे सगळा धूरच होता. दिसत होता तो फक्त एक उजेड, आणि त्याचे पाय आपोआप त्या उजेडाकडे वळले.

"तिकडे नाही," वृद्ध म्हणाले. "त्याच्याकडे पाठ करा आणि नीट समोर चालत जा."

व्यापाऱ्याने पाठ केली. शिष्याने उठून दुसऱ्या बाजूने गुरूंना धरले. तिघे चालू लागले. पाठीवर ऊन जाणवत होते, पायांखाली उजेडाचा पट्टा होता, आणि त्यात तिघांच्या लांब सावल्या त्यांच्या पुढे चालल्या होत्या. त्या सावल्या मावळतीच्या दारावर जाऊन उभ्या राहिल्या. व्यापाऱ्याने नुसता हात लावला तशी दारे बाहेर उघडली, आणि तिघे एकमेकांचा हात न सोडता, शेजारी शेजारी बाहेर पडले.

लोकांनी पाणी आणले. वृद्धांना बोलण्याइतका श्वास यायला वेळ लागला. बोलले तेही थोडेच.

"ज्यांच्या खांद्यावर छत आहे त्या भिंतींकडे खिडक्या मागू नयेत, त्यांना त्यांचा भार वाहू द्यावा. मावळतीच्या भिंतीवर छताचा रेटा नाही, म्हणून तिच्याकडे मी हवं तेवढं मोठं दार मागून घेतलं. उगवतीच्या भिंतीकडे मागितली ती एक फट. पातळ भिंत असती तर उजेड आत येऊन जमिनीवर पडला असता. जाड भिंतीतून यायला त्याला वाट चालावी लागते, आणि त्या वाटेत तो पसरतो. बाहेर पडायला दार असतं, शेटजी. आपण कुठे उभे आहोत ते कळायला खिडकी असते. म्हणून ती एकच असावी. प्रार्थना करताना तिच्याकडे तोंड करायचं आणि घरी जाताना तिला पाठीवर घ्यायचं. ज्याला ती दिसली त्याला दार शोधावं लागत नाही."

व्यापारी दगडावर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर काजळी होती आणि तिच्यावर पाण्याचे ओघळ उठले होते. बराच वेळ तो उघड्या दारातून निवळत जाणाऱ्या धुराकडे बघत राहिला.

"जुन्या चर्चला सगळीकडे खिडक्या होत्या," तो सावकाश म्हणाला. "तिला चोहोकडे उजेड दिसला असणार."

मग त्याने वृद्धांना विचारले की ती या चर्चमध्ये असती तर बाहेर आली असती का. सगळे गाव कान देऊन ऐकत होते. शिष्याला वाटले, गुरूंनी हो म्हणावे. एवढे तरी म्हणावे.

"ते मला ठाऊक नाही," वृद्ध म्हणाले. "धुरात माणसाचं काय होतं ते आत्ता तुम्हीच पाहिलंत. वळली असती तर दार समोर असतं, एवढंच मी सांगू शकतो. आणि ती भिंतीशी गेली ती चूक म्हणून नव्हे. उजेडाकडे जावं एवढं तिला कळत होतं. वाट चुकीची होती ती बांधणाऱ्यांची."

व्यापाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. इतक्या काळात तो रडलेला गावाने पाहिला नव्हता. रडून झाल्यावर तो उठला आणि आपण थोडा वेळ आत जाऊन बसावे का असे त्याने विचारले. ज्या वास्तूचा दगड न् दगड त्याच्या गाड्यांनी वाहिला होता तिच्यात जायला तो परवानगी मागत होता. वृद्धांनी फक्त बाजूला होऊन वाट दिली.

तो एकटाच आत गेला. धूर आता वर छताशी जाऊन राहिला होता आणि खालचा उजेड अधिकच स्वच्छ झाला होता. शिष्याला दारातून दिसले की तो गाभाऱ्यासमोर जाऊन जमिनीवर बसला, उगवतीकडे तोंड करून, आणि कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलू लागला. लोक एकेक करून घरी निघाले. काहींनी आपली घरे आठवून पाहिली असतील, आपल्यालाही अशा किती खिडक्या आहेत आणि त्यांतली उगवतीची कोणती. शिष्याने दोन्ही दारे सताड उघडी केली, ती वाऱ्याने लोटली जाऊ नयेत म्हणून त्यांना एकेक दगड लावला, आणि बाहेरच्या पायरीवर गुरूंच्या शेजारी बसून, शेटजींना हवा तेवढा वेळ लागू द्यायचा असे ठरवून, तो वाट पाहू लागला.